'बाप्तिझो' आणि शलगमाचे लोणचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'बाप्तिस्मा' (पाण्याने द्यायची ख्रिस्ती दीक्षा) या शब्दाच्या मुळाविषयी एक लेख आला आहे. लेखकाची भाषा गोड आहे, हेतूही चांगलाच असावा. पण सगळा डोलारा ज्या खांबावर उभा केला आहे तो आतून पोकळ आहे, आणि त्याच खांबाला टेकून आमच्या ख्रिस्ती समाजात सध्या बरीच माणसे, बाप्तिस्मा कपाळावर पाणी घालून द्यावा की बुडवून, यावरून एकमेकांशी भांडत आहेत. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे. कात्री लावायचीच असेल तर शेवटाकडे लावा, मधल्या भागाला हात लावू नका.

लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे. ग्रीक भाषेत 'बाप्तो' आणि 'बाप्तिझो' अशी दोन क्रियापदे आहेत. 'बाप्तो' म्हणजे नुसते बुचकळून काढणे, क्षणाचे काम. 'बाप्तिझो' म्हणजे असे बुडवणे की वस्तू कायमची पालटून जाते. पुरावा म्हणून ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या निकांडर या ग्रीक कवीची शलगमाच्या लोणच्याची कृती दिली आहे. शलगम आधी उकळत्या पाण्यात 'बाप्तो' करायचे, मग आंबट खारवणात 'बाप्तिझो' करायचे. पाण्यातून काढलेले शलगम शलगमच राहते, खारवणात मुरले की त्याचे लोणचे होते. सबब नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, जिथे जिथे 'बाप्तिझो' येते तिथे तिथे कायमचे रूपांतर असाच अर्थ घ्यावा, असा निकाल लेखकाने देऊन टाकला आहे.

ही बरणी लेखकाने स्वतः घातलेली नाही. इंग्रजी प्रवचनांतून ती गेली काही दशके हातोहात फिरते आहे. मराठीत आली तेव्हा कैरी-लिंबाच्या वासामुळे ती आपल्याला जास्तच आवडली, एवढेच.

मी सोलापूरचा. आयुष्य सूत रंगवण्यात गेले, चादरी-टॉवेलच्या कारखान्यात डाईंग मास्टर होतो. ग्रीक मी कॉलेजात शिकलेलो नाही. आमच्या चर्चचे जुने पाळक यवतमाळच्या सेमिनरीतून आलेले. मंडळीतल्या ज्यांना हौस असेल त्यांना ते रात्री जेवणानंतर नव्या कराराचे ग्रीक शिकवत. पहिली पाळी संपवून, नखांतला रंग तसाच घेऊन मी त्या वर्गाला बसायचो. पाळकसाहेबांनी 'बाप्तो' शिकवले तेव्हा माझ्या हातांकडे बोट दाखवून म्हणाले होते, "हे तुमचे क्रियापद." म्हणून 'बाप्तो' म्हणजे तात्पुरते, असे छापलेले वाचले तेव्हा आधी हसू आले, मग राग आला.

'बाप्तो' हे रंगाऱ्याचे क्रियापद आहे. रंगाऱ्याला ग्रीकमध्ये 'बाफेउस' म्हणतात, तो याच धातूवरून. आजच्या अथेन्समध्येही भिंत रंगवायची असो की केसांना कलप लावायचा असो, त्याच शब्दाचे आजचे रूप 'वाफो' वापरतात. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात (परिच्छेद ४२९-४३०) रंगाऱ्यांचा एक उतारा आहे. सैनिकाच्या मनावर शिक्षण कसे पक्के बसावे हे सांगताना सॉक्रेटीस म्हणतो, रंगाऱ्यांना लोकर जांभळी रंगवायची असते तेव्हा ते काय करतात बघा. आधी पांढरी लोकर निवडतात, मग ती तयार करण्यात भरपूर कष्ट घेतात, आणि मगच रंगवतात. अशा रीतीने रंगवलेल्या लोकरीचा रंग पक्का होतो. साध्या पाण्याने धुवा, साबणासारखे काही लावून धुवा, तो जात नाही. हे सगळे प्लेटो 'बाप्तो' या एकाच क्रियापदावर निभावतो. पक्क्या, न उडणाऱ्या, धुऊनही न जाणाऱ्या रंगाचा दाखला त्याने ज्या शब्दात दिला, तोच शब्द आपल्या पुरवणीने 'क्षणभराचा' ठरवला आहे.

नीळ ज्यांनी कधी चढवली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. व्हॅटमध्ये, म्हणजे रंगाच्या टाकीत, नीळ आणि कॉस्टिक व हायड्रो ही रसायने यांचे द्रावण तयार झाले की ते निळे नसते, पिवळट हिरवे असते, आणि वर तांब्यासारखी चमकणारी साय धरते. सुताची लडी त्यात बुडवून वर काढली की तीही हिरवट दिसते. नवा पोऱ्या घाबरतो, मास्टर, रंग चुकला म्हणतो. लडी पिळून हवेत धरली की डोळ्यांदेखत निळी पडत जाते. गडद निळा एका बुडीत येत नाही. बुडी, हवा, पुन्हा बुडी, पुन्हा हवा. शेवटी पांढऱ्या चिंधीशी बांधून साबणाच्या गरम पाण्यात टाकायची. चिंधी पांढरी राहिली तर रंग पक्का. आता या कामात क्षणभराचे काय आणि कायमचे काय? बुडी क्षणाची, रंग कायमचा, आणि क्रियापद दोन्हींना एकच. रंग पक्का झाला तो निळीच्या, हायड्रोच्या आणि हवेच्या गुणाने. 'बुडवणे' या क्रियापदाच्या पोटात तो पक्केपणा शोधायला जाल तर हाताला काही लागणार नाही.

आता शास्त्राकडे येतो. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात, त्यात 'बाप्तो' पुष्कळदा येते. बवाज रूथला म्हणतो, ये, जेव, आपली भाकर शिरक्यात बुडव. शिरक्यात! लेखकाच्या नियमाने इथे 'बाप्तिझो' हवे होते, पण आहे 'बाप्तो'. योनाथान काठीचे टोक मधाच्या पोळ्यात बुडवतो, तिथेही 'बाप्तो'. दानीएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर राजा वेडा होऊन रानात राहतो आणि त्याचे अंग आकाशातल्या दहिवराने भिजते, तिथे थिओडोशन या जुन्या भाषांतरकाराच्या ग्रीक पाठात 'बाप्तो'च आहे. त्या बिचाऱ्याला कोणी कशात बुडवले नव्हते, रात्रभर उघड्यावर पडून तो भिजला होता. एकच क्रियापद रंगाऱ्याच्या कढईत एक सांगते, जेवणाच्या पानावर दुसरे, आणि रानातल्या पहाटे तिसरे.

'बाप्तिझो' मात्र त्या ग्रीक जुन्या करारात अवघ्या चार ठिकाणी आहे. यातली दोन पुस्तके कॅथलिक बायबलात असतात, आमच्या प्रोटेस्टंट बायबलात नसतात, म्हणून आमचे लोक ती उघडत नाहीत. चारही ठिकाणे सांगतो.

अरामी सेनापती नामान यार्देनेत सात बुचकळ्या मारतो. सात वेळा खाली, सात वेळा वर. कोड गेले ते कायमचे गेले हे खरे, पण ती देवाची करणी. क्रियापदाने फक्त बुडी सांगितली. गंमत अशी की अलीशाने त्याला नुसते 'धू' म्हणून सांगितले होते, तिथे ग्रीकमध्ये अंघोळीचे साधे क्रियापद आहे. यशया एकविसाव्या अध्यायात 'अधर्म मला बुडवतो' असे ग्रीक पाठ म्हणतो. यहूदीथ शत्रूच्या छावणीत असताना रोज रात्री झऱ्यावर जाऊन स्नान करते, तिथे हे क्रियापद आहे. रोज रात्री! कायमचे काम असते तर एका रात्रीत भागले असते. आणि चौथे ठिकाण सीराखाच्या पुस्तकातले, चौतिसावा अध्याय. प्रेताला शिवल्यावर माणसाने अंघोळ केली आणि पुन्हा जाऊन त्याच प्रेताला शिवला, तर त्या अंघोळीचा उपयोग काय झाला? 'अंघोळ केली' या जागी 'बाप्तिझो' आहे. केलेले पुन्हा वाया जाऊ शकते, हेच तिथे सांगायचे आहे. लोणच्याच्या अगदी उलट.

नव्या करारातही तेच. शोमरोनातला शिमोन जादूगार विश्वास ठेवतो, बाप्तिस्मा घेतो, आणि त्याच अध्यायात थोडे पुढे पेत्र त्याला झाडतो की तुझे मन देवापुढे सरळ नाही. प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हाच धडा देतो. आपले सगळे पूर्वज मेघात व समुद्रात मोशेचा बाप्तिस्मा पावले, तरी त्यांतल्या बहुतेकांवर देव प्रसन्न नव्हता, ते रानात मरून पडले. पौलाचा सारा जोर तिथे असा आहे की बाप्तिस्मा झाला म्हणून निर्धास्त राहू नका. क्रियापदातच कायमचेपणा असता तर पौलाचे हे वाक्यच जमले नसते.

शास्त्राबाहेर हे क्रियापद कसे वागते तेही पाहावे, कारण तिथे ते सोवळे नेसून येत नाही. प्लेटोच्याच 'सिंपोझियम'मध्ये रात्री दारू प्यायलेल्यांची दुसऱ्या दिवशी बैठक भरते. आज जरा बेताने पिऊ, असे कोणी सुचवतो, तर नाटककार अरिस्तोफानेस म्हणतो, हो बाबा, काल बुडालेल्यांपैकी मीही एक आहे. 'बाप्तिझो'. प्लुटार्क हा ओथो या रोमन सरदाराविषयी लिहितो की तो कर्जात बुडालेला होता. 'बाप्तिझो'. यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की बुडत्या जहाजातून उड्या माराव्यात तसे मोठमोठे लोक यरुशलेम सोडून निघाले. 'बाप्तिझो'. त्याच जोसेफसने हेरोद राजाच्या तरुण मेव्हण्याची हकिगत सांगितली आहे. त्याला यरीहोच्या तळ्यात पोहण्याच्या मस्करीत पाण्याखाली दाबून धरून मारले. 'बाप्तिझो'. लेखकाला कायमचा परिणामच हवा असेल तर हे एक उदाहरण त्यांना मी आपणहून देतो.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपला 'बुडणे' हा शब्द अगदी असाच गावभर हिंडतो. पोर शाळा बुडवते, व्यापारी पैसे बुडवतो, धंदा बुडतो, माणूस दुःखात बुडतो, दिवस बुडतो. यांपैकी कुठे पाणी आहे? आणि उद्या कोणी ग्रीक पंडित उठून म्हणाला की मराठीत 'बुडवणे' म्हणजे कायमचा नाश, कारण बँक बुडाली की ठेवी परत येत नाहीत, तर आपण त्याला काय म्हणू? येशू मार्काच्या दहाव्या अध्यायात आपल्या मरणाला बाप्तिस्मा म्हणतो, लूकच्या बाराव्यातही म्हणतो. त्या जागा 'दुःखात बुडणे' या अर्थाजवळ कान नेऊन वाचल्या तर आपोआप लागतात. लोणच्याजवळ नेऊन वाचल्या तर येशूचे बोलणे विचित्र होते.

निकांडरबद्दल एवढेच. त्याचे ते पुस्तक शेतीवरचे होते आणि ते हरवले. कृती उरली, कारण इसवी सन २०० च्या सुमाराच्या अथेनिअस नावाच्या एका खाद्यप्रेमी ग्रंथकाराने ती मेजवानीच्या गप्पांत उतरवून घेतली. निकांडरने ती पद्यात, छंदात बसवून लिहिली होती. कवी स्वयंपाकघरात शिरला की एकाच क्रियेला दोन शब्द वापरतो, कधी वृत्तासाठी, कधी कानाला बरे लागते म्हणून. त्यावरून दोनशे वर्षांनंतरच्या प्रेषितांचे धर्मशास्त्र काढायचे म्हणजे कमालच. 'झो' हा शेवट लागला की अर्थ तीव्र आणि कायमचा होतो असेही लेखात म्हटले आहे. 'हेलेनिझो' म्हणजे ग्रीक भाषा बोलणे. 'रान्तिझो' म्हणजे शिंपडणे. शिंपडण्याइतके तात्पुरते दुसरे काय असते? जेम्स बार या स्कॉटिश विद्वानाने १९६१ सालीच बजावून ठेवले होते की शब्दाच्या व्युत्पत्तीतून सिद्धान्त काढू नका, अर्थ वाक्यात असतो. ते पुस्तक आले तेव्हा मी लहान होतो, आता म्हातारा झालो, पण व्यासपीठावरून व्युत्पत्ती काही उतरत नाही.

लेखकाचा दुसरा आरोप असा की इंग्रज भाषांतरकारांनी १६११ साली 'बाप्टाइझ' हा ग्रीक शब्द तसाच ठेवून 'बुडवणे' हा खरा अर्थ लपवला, आणि मराठीने 'बाप्तिस्मा' ठेवून त्यांची री ओढली. हेही खोटे आहे. १६११ च्या आधी दोनशेहून अधिक वर्षे, विक्लिफच्या काळच्या इंग्रजी बायबलात तो शब्द रुळलेला होता, लॅटिन-फ्रेंचमधून आलेला. जेम्स राजाच्या भाषांतरकारांनी प्रस्तावनेत स्वतःच सांगितले आहे की काही प्युरिटन (इंग्लंडमधले कडवे सुधारक) लोक 'बाप्तिस्मा' काढून 'धुणे' हा शब्द घालतात, ते आम्हाला पटत नाही. म्हणजे समोरचा पर्याय 'बुडवणे' नव्हताच. आणि लपवायचे तर कोणापासून? त्यांच्याच चर्चच्या प्रार्थनापुस्तकात पाळकाला सांगितले होते की मूल धडधाकट असेल तर ते जपून पाण्यात बुडवावे, अशक्त असेल तर नुसते पाणी ओतले तरी चालेल.

खरे भांडण झाले ते नंतर, आणि ते आपल्या दारात झाले. ही हकिगत आमच्या मंडळीतल्या तरुणांनाही ठाऊक नसते म्हणून सविस्तर लिहितो.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. अॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. पाचही जण लहान मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या चर्चचे. दोन जहाजांनी ते कलकत्त्याला निघाले. जडसन आणि न्यूएल आपापल्या बायकांसह 'कॅरव्हान'वर, बाकीचे तिघे 'हार्मनी'वर. वाटेत जडसनला एक काळजी लागली. श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्याचे सोबती आहेत, ते बाप्टिस्ट, मोठ्या माणसाला बुडवून बाप्तिस्मा देणारे. त्यांच्याशी गाठ पडल्यावर आपल्या पद्धतीचे समर्थन करावे लागेल, तेव्हा तयारी असावी. म्हणून समुद्रावरच्या त्या मोकळ्या महिन्यांत तो ग्रीक नवा करार घेऊन 'बाप्तिझो' शोधत बसला. बसला समर्थनाला आणि उठला पलीकडच्या बाजूला. कलकत्त्याला उतरल्यावर सप्टेंबरमध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने बुडून बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या जहाजावरून आलेला राइसही थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे गेला. ज्या संस्थेने पैसे देऊन पाठवले तिच्याशी संबंध तुटला. जडसन ब्रह्मदेशात गेला, राइस नवा पाठिंबा उभा करायला अमेरिकेत परतला.

उरलेल्यांपैकी हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत धाडायच्या बेतात होते, पण ते कसेबसे टिकले. न्यूएलची तरुण बायको मॉरिशसमध्ये वारली होती. तो पुढच्या वर्षी मुंबईला येऊन त्यांना मिळाला. यांनी सुरू केली ती अमेरिकन मराठी मिशन. त्यांचा मराठी नवा करार मुंबईत १८२६ साली छापून निघाला, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हॉल दौऱ्यावर असताना पटकीने गेला. तीच मिशन पुढे अहमदनगरला, मग सोलापूरला आली. आमच्या चर्चमध्ये बाळाच्या कपाळावर पाणी घालतात ते त्या परंपरेने. हॉल 'कॅरव्हान'वर असता आणि जडसन 'हार्मनी'वर, तर आज सोलापुरात कदाचित आमच्याही चर्चमध्ये बुडवून बाप्तिस्मा द्यायचा हौद असता. देवाची योजना म्हणा किंवा तिकिटांची, माझी तक्रार नाही. सांगायचे एवढेच की जडसनकडे हे क्रियापद होते, पुस्तके होती, वेळ होता. त्याला लोणच्याची गरज पडली नाही.

पुढे बंगालीत भाषांतर करताना बाप्टिस्टांनी 'बाप्तिझो'साठी बुडवण्याच्या अर्थाचा देशी शब्द घातला, जडसनने बर्मीत तेच केले. लंडनच्या बायबल सोसायटीने सांगितले की ज्या शब्दाला इतर पंथांची हरकत असेल तो छापायला आम्ही पैसे देणार नाही. १८३६ च्या सुमारास अमेरिकेतल्या सोसायटीनेही तेच धोरण घेतले. बाप्टिस्ट बाहेर पडले, त्यांनी तिकडे वेगळी सोसायटी काढली, आणि इंग्लंडमध्ये १८४० साली भाषांतरासाठी स्वतंत्र संस्था उभी केली. एका क्रियापदावरून दोन खंडांत तिजोऱ्या वेगळ्या झाल्या. मराठीत 'बाप्तिस्मा' राहिला, कोणाच्याच पंगतीत न बसणारा पाहुणा शब्द, म्हणून सगळ्यांना चालला. मला स्वतःला ही तडजोड शहाणपणाची वाटते. वसईकडचे कॅथलिक लोक 'स्नानसंस्कार' म्हणतात, तोही शब्द सुंदर आहे.

आता कोणी म्हणेल, हा कपाळावर पाणी घालणाऱ्यांचा वकील आहे. तसे नाही. क्रियापदाचा मूळ अर्थ बुडवणे, बुडणे हाच आहे, यात मला शंका नाही. ज्यांची ती भाषा आहे ते ग्रीक लोक आजही बाळाला तीन वेळा पाण्यात बुडवतात. पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. हे चित्र बुडीशिवाय नीट उभे राहत नाही. आमच्या पंथाचा पूर्वज कॅल्व्हिन, त्यानेही स्पष्ट लिहून ठेवले आहे की शब्दाचा अर्थ बुडवणे असाच आहे आणि प्राचीन मंडळी बुडवतच असे. आमच्या चर्चला आपली पद्धत या क्रियापदावरून सिद्ध करता येणार नाही, आणि करायलाही जाऊ नये.

पण हौदवाल्यांनाही या क्रियापदावर कुलूप लावता येत नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात बाजारातून आल्यावर यहुदी लोक 'बाप्तिझो' केल्याशिवाय जेवत नाहीत असे आहे, आणि पुढे प्याले, घागरी, पितळेची भांडी यांचे 'बाप्तिस्मे' आहेत. मराठी बायबलात तिथे न्हाणे-धुणे असेच आले आहे, ते बरोबरच आहे. सिनाई आणि व्हॅटिकन या दोन फार जुन्या हस्तलिखितांत तर त्या जागी 'बाप्तिझो' नाहीच, 'रान्तिझो' म्हणजे शिंपडणे आहे. कुठल्याशा नकलनविसाला बाजारातून आल्यावर रोजची बुडी पटली नसावी, असे मला आपले वाटते. लूकच्या अकराव्या अध्यायात जेवायला बसण्याआधी येशूने 'बाप्तिझो' केले नाही म्हणून परूशी, म्हणजे एक कर्मठ यहुदी, चकित होतो. जेवणाच्या पाटावर बसताना पाहुण्याने आधी काय करावे अशी त्याची अपेक्षा असेल, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

आणि 'दिदाखे' आहे. हे अगदी आरंभीच्या मंडळीचे छोटे नियमपुस्तक. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचे धरतात. फिलोथिओस ब्रियेनिओस या ग्रीक बिशपांना १८७३ साली त्याची प्रत कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली, १८८३ ला त्यांनी ती छापली. जडसनला ती मिळालीच नाही. तिच्या सातव्या भागात बाप्तिस्म्याचे नियम आहेत. वाहत्या पाण्यात द्या. वाहते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड सोसणार नसेल तर कोमट. दोन्ही नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीन वेळा पाणी ओता. मथळ्याचे क्रियापद सगळ्यांना एकच, 'बाप्तिझो'. ओततानाही त्याला 'बाप्तिझो' म्हणायला त्या माणसांना अडचण वाटली नाही, आणि ते रोज ग्रीकच बोलत होते.

हे सगळे मी का उगाळतो आहे तेही सांगतो. माझ्या मावशीचे वय नव्वदीला टेकले आहे. तिला लहानपणी कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला होता. जन्मभर ती उपासना चुकवीत नाही, तिच्या शेजारणी तिच्याकडून प्रार्थना करून घेतात. मध्यंतरी नातवंडांच्या मंडळीतले एक प्रचारक घरी आले आणि तिला लोणच्याची गोष्ट सांगून म्हणाले, आजी, तुमचे झाले ते 'बाप्तो', 'बाप्तिझो' झालेच नाही, हौदात उतरावे लागेल. गुडघ्यांच्या दुखण्याने तिला न्हाणीघराचा उंबरा ओलांडवत नाही. ती चार दिवस नीट जेवली नाही. मला बोलावून विचारले, "दादा, ग्रीकमध्ये खरंच असं लिहिलंय का रे?" मी तिला सीराख, शिमोन जादूगार, दिदाखे सगळे वाचून दाखवले. प्रौढांनी बुडून बाप्तिस्मा घ्यावा असे ज्यांना शास्त्रावरून मनापासून वाटते त्यांच्याशी माझा वाद नाही, त्यांनी तसे सरळ सांगावे. रोमकरांचा सहावा अध्याय उघडावा, तिथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. खोट्या व्याकरणाने म्हातारीला घाबरवू नये.

आपल्या पुरवणीतला लेख त्या प्रचारकांच्या हाती आता छापील पुरावा म्हणून जाणार. त्या आधी निदान प्लेटोचा रंगाऱ्यांचा उतारा आणि सीराखाचे ते वचन पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच टायपात छापावे, ही विनंती. दोन्हींच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत, ग्रीक ओळींखाली मी पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला आहे. परत पाठवण्याची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त डाईंग मास्टर, सोलापूर